दाजींच्या हाताला गुण

माझ्या बहिणीचा नवरा ओनिसिम. त्याच्या हाताला गुण आहे, असं अख्खा गाव म्हणतो. गावाचं काय घेऊन बसलात, दोन घोट त्सुइका, आमची गावठी दारू, पोटात गेली की गाव काहीही म्हणतो! घोडा शिंकला, ओनिसिमची पेनिसिलीनची सुई. घोडा लंगडला, तीच सुई. येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला पाद्रीबुवा घोड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, मग शर्यत होते. तर हा शहाणा आदल्या दिवशी धडधाकट घोड्यांनाही टोचत फिरतो. म्हणे, "असू दे अंगात, कामाला येईल!" आणि आजारी घोड्याचा ताप उतरला की लगेच औषध बंद. उरलेलं दुसऱ्याच्या घोड्याला. म्हणून तर लोकांना देवमाणूस वाटतो मेला.

यंदा ब्रुनाच्या खुरात खिळा घुसला. ही घोडी वार्वाराची, माझ्या बहिणीची, बाबांनी लग्नात दिलेली. ती लाकडं ओढते म्हणून ते घर चालतं. दाजी नुसते मिरवतात. दाजींनी टोचलं, लंगडणं थांबलं, सुईही थांबली. पाय पुन्हा सुजला. पुन्हा तेच. शेवटी पायाचा खांब झाला आणि औषध ढिम्म काम करेना. मग मीच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी पू तपासून घेतला.

"ह्या जंतूंपुढे तुमचं पेनिसिलीन म्हणजे पाणी," त्या दाजींना म्हणाल्या. "आता एकच औषध लागू पडेल. घोडी बरी दिसली तरी ते संपेपर्यंत द्यायचं."

सणाच्या आदल्या दिवशी ब्रुना चारा खायला लागली. दाजींनी बाईंच्या औषधाच्या उरलेल्या बाटल्या उचलल्या आणि निघाले पंतेलिमोनच्या शर्यतीच्या घोड्याला टोचायला.

"अहो, बाई म्हणाल्या होत्या..." वार्वारा पुटपुटली.

"खातेय बघ की! बाईला काय कळतंय?"

"दाजी, एवढी अक्कल आणता तरी कुठून हो?" मी म्हटलं.

"मेहुणीबाई, हाताला गुण असावा लागतो," म्हणून हसत गेले.

पंतेलिमोनचा घोडा पहिला आला. लोकांनी दाजींना खांद्यावर घेऊन नाचवलं. आठवडाभरात ब्रुना तबेल्यात कोसळली. वार्वारा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या देखत घोडी गेली.

"डॉक्टरणीच्या औषधानं मारली," दाजी गावभर सांगत सुटले. "माझ्या सुईवर असती तर जगली असती." गावानं माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फाटकात गाडी उभी, जुंपलेला घोडा खोकतोय. माझं डोकंच फिरलं. आता तरी नवऱ्याला चार शब्द सुनाव, हे सांगायला मी तरातरा आत गेले. वार्वारा चुलीपाशी बसली होती. डोळे रडून सुजलेले, आणि पातेल्यात नवऱ्याची सुई उकळत होती.