जोडवं कुणाच्या पायात

पालमच्या बाजारात माझी चप्पल पायातून निसटून रस्त्यातच राहिली आणि मी तशीच घरी आले, ही गोष्ट मला सोडून सगळ्यांना ठाऊक झाली. आमच्या मालकांचं स्टँडजवळ पंक्चरचं दुकान. कुणीतरी ती चप्पल तिथं नेऊन दिली आणि वहिनींची आहे का म्हणून विचारलं. संध्याकाळी हे सायकलच्या हँडलला चप्पल अडकवून घरी आले, तेव्हा मी बाजारातून येऊन अंगणातच टेकले होते. मी म्हटलं, अहो, दुसऱ्या कुणाची असेल, माझ्या चपला माझ्या पायात आहेत की. खाली बघते तर एकाच पायात.

आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण हसून झाल्यावर हे ती चप्पल उलटसुलट करून बघत राहिले. साखरेचा आजार मला लय वर्षांपासून. पायाला मुंग्या येत, रात्री तळव्यांची आग होई, ते सगळं वय झालं म्हणून मी सोडून दिलं होतं. चप्पल गेली तरी पायाला पत्ता नाही, हे मात्र नवीनच. दुसऱ्या दिवशी यांनी दुकान बंद ठेवलं आणि मला एसटीनं परभणीला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला इथं तिथं टेकवायचा आणि लागतंय का विचारायचं, अशी ती परीक्षा. मी जन्मभर अंगणवाडीत पोरांना शिकवलेली बाई, नापास कशी होणार? प्रत्येक वेळी ठणकावून हो म्हटलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, मावशी, मघापासून मी दोरा लावलेलाच नाही. डोळे उघडून बघते तर हे तोंडावर रुमाल धरून हसत होते.

मग डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्यात. साखर ताब्यात ठेवली तर पुढचं बिघडणं आवरता येईल. पण आता काटा टोचला, चटका बसला, तरी मला कळणार नाही. म्हणून अनवाणी फिरायचं नाही, आंघोळीचं पाणी आधी कोपरानं बघायचं, आणि तळवे रोज डोळ्यांखालून घालायचे. माझे गुडघे तर वाकत नाहीत, तळवा दिसणार कसा? हे लगेच म्हणाले, मी बघतो की.

इथं माझं डोकं फिरलं. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा? आमच्यात चुकून नवऱ्याला पाय लागला तरी बाई वाकून नमस्कार करते. परतीच्या वाटेवर मी बसमध्ये यांना चांगलं फैलावर घेतलं. हे खिडकीतून बाहेर बघत एवढंच म्हणाले की टायर आतून बोटांनी चाचपल्याशिवाय काटा सापडत नसतो. म्हणजे माझा पाय टायर! पालम येईपर्यंत मी यांच्याशी बोलले नाही.

घरी आल्यावर मी आरसा काढला. जमिनीवर ठेवून त्याच्यावर पाय धरला, तर छताची जळमटं तेवढी झकास दिसली. ती झाडून काढली. यांनी विचारलं की मी ठोकून द्यायची, बघितले तळवे, चांगले आहेत. पांढरे मोजे घालायचं मात्र मी ऐकलं होतं, कारण पांढऱ्यावर डाग लगेच दिसतो असं डॉक्टर म्हणाले होते.

आणि डाग दिसला तो यांनाच. एका संध्याकाळी बोटापाशी मोजा तपकिरी झालेला. मी म्हटलं, चहा सांडला असेल. हे खाली बसले, माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि मोजा काढला. बोट टम्म सुजलेलं, त्यात जोडवं रुतलेलं, आणि त्याच्याखाली जखम पिकलेली. मला काडीचंही दुखत नव्हतं. बोट माझं, आणि मलाच खबर नाही! लय भ्याले मी. रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परत परभणी गाठली. डॉक्टर म्हणाले, जोडवं आत्ताच कापून काढावं लागेल, नाहीतर बोट वाचवणं अवघड आहे. मी पाय मागं घेतला. सवाशिणीचं जोडवं कधी निघतं, हे का कुणी सांगायला पाहिजे? हे माझ्यासमोर धडधाकट उभे, आणि मी जोडवं काढू? मी साफ सांगून टाकलं, बोट गेलं तर जाऊ द्या, जोडवं निघणार नाही. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

तेव्हा हे पुढं आले.

"कुणाच्या जिवासाठी घातलंय हे?"

"तुमच्याच की."

"मग जीव माझा हाय. मी सांगायलोय, काढ. मला तू दोन्ही पायांवर पाहिजेस."

एवढ्या वर्षांच्या संसारात असलं काही यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं, तेही परक्या माणसासमोर. मी डोळे मिटून पाय पुढं केला. जोडवं तुटल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. दुसऱ्या पायातलं साबण लावून निघालं. दोन्ही यांनी खिशात टाकली.

मग मलमपट्टी, गोळ्या, मऊ तळव्याच्या चपला, शिरा बंद, भात चमचाभर. आणि रोज संध्याकाळी यांची तपासणी. मी करू द्यायची, पण एका अटीवर. पाय बघून झाले की मी यांना वाकून नमस्कार करणार, म्हणजे पाप फिटलं. माझ्या गुडघ्यांमुळं त्या वाकण्यालाच इतका वेळ लागे की हे म्हणायचे, तपासणी झटक्यात होती, तुझं पुण्यच लांबायलंय.

बोटं मोकळी दिसली की मन खायचं मात्र. हळदीकुंकवाला गेले तर निऱ्यांखाली पाय लपवून बसायची. रात्री यांना साधा ठसका लागला तरी मी उठून बसायची. वाटायचं, मीच ओढवून घेतलं.

जखम पूर्ण भरली त्या संध्याकाळची गोष्ट. यांनी बोट नीट निरखलं आणि मला पास केलं. मी नेहमीसारखी कण्हत वाकले, तर यांच्या ग्रीसनं काळ्या झालेल्या पायात चांदी चकाकली. माझं जोडवं! न तुटलेलं. पकडीनं जरा फाकवून बोटात बसवलेलं.

"हे काय हो?"

"तुझ्या बोटाला चालत न्हाई, माझ्या बोटाला चालतंय. घरात कुणीतरी घातलंय म्हंजी झालं."

हसावं का रडावं कळेना, दोन्ही झालं. लोक काय म्हणतील म्हटलं, तर यांनी त्याचीही सोय करून ठेवली होती. बेंबी सरकल्यावर आमच्याकडं पायाच्या बोटाला दोरा बांधतात. हे सकाळपासून गिऱ्हाइकांना सांगत होते की दोरा टिकत नाही म्हणून चांदी घातली. एकानं तर सोनाराचं दुकान विचारून घेतलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी हे दुकानातून आले तेव्हा मी मोजे काढूनच बसले होते. हे हात धुऊन खाली बसले. मी पाय आपणहून यांच्या मांडीवर ठेवला. तपासणी झाल्यावर नमस्काराची वाट बघत हे जरा थांबले, पण मी काही वाकले नाही.