खंडेनवमीची अक्षता

आमच्या जांबे गावात आम्ही घरावर दोन खोल्या चढवल्या आणि भाड्यानं दिल्या, तेव्हा कॉम्प्युटर मला टीव्हीचा शिकलेला भाऊ वाटायचा. वर लातूरकडचं जोडपं आलं. नवरा हिंजवडीला आयटीत, बायको घरी, कडेवर तान्ही पोर; तिचं बारसंही इथंच झालं. बायको मला मावशी म्हणायची, मी तिला सूनबाई.

पोर दीड वर्षाची झाली, त्या नवरात्रात ती मंडळी गावी गेली, किल्ली माझ्याकडं ठेवून. आता खंडेनवमीला आमच्यात ज्याच्यावर घर चालतं त्या सगळ्याची पूजा असते. कोयता, विळा, खुरपं, मिक्सर, स्कूटर. म्हटलं, या लेकरांचं घर कशावर चालतं? गेले वर, कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. शेजारी एक काळी डबी होती, पाकिटाएवढी, एका बाजूला बारीकशी फट. तिला का वगळा? तिलाही ओलं कुंकू, वर आमच्या शेतातल्या तांदळाच्या अक्षता. माझा हात जरा सढळच आहे.

सूनबाई परत आली, हसत हसत तिनं सगळं पुसून घेतलं. आणि पुढच्याच आठवड्यात कॉम्प्युटरनं मान टाकली. आतली डिस्क गेली म्हणे. नवी बसवली. मला वाटलं मिटलं. तर दुपारी वरून हाक आली, "मावशी, जरा वर येता का?"

"काय गं, काय झालं?"

"पोरीचे सगळे फोटो या डबीत ठेवलेत. ते आता परत कॉम्प्युटरमधी घ्यायचेत, तर त्याला डबीच दिसंना बघा. लाइट लागतंय, पण म्हणतंय काहीच जोडलेलं नाही."

"दुसरीकडं असतील की."

"कुठंच नाहीत. बारसं, पहिला दात, पहिलं पाऊल, सगळं ह्याच्यातच."

नवरा फोनवर होता, आवाज मोठा करून ठेवलेला. तो सांगायचा, ही करायची. पुढं नको, मागच्या बाजूला वायर लाव. लावली. बंद करून चालू कर. केलं. शेजारणीकडची दुसरी वायर आणून बघ. आणली. शेवटी तो म्हणाला, "मग डबीच गेली असंल गं." झालं. सूनबाईनं पदर तोंडाला लावला आणि आईकडं बघून पोरीनंही भोकाड पसरलं.

मी ती शेजारणीची वायर हातात घेतली, आपलं काहीतरी करायचं म्हणून. तर टोकाला लालसर डाग! माझंच कुंकू ते! ही पूजा मला भोवणार.

"सूनबाई, रडू नगं. जा, च्या टाक. आन् आलं लई किसून घाल, घसा बसलाय माझा." घसा ठणठणीत होता.

ती आत गेली, तशी मी चष्मा सावरला आणि पोलक्याला खोचलेली गोधडीची सुई काढली. डबीची वायर उपसून ठेवली होतीच. फटीत अगदी हळू टोक घातलं. एकदा निसटलं, दुसऱ्यांदा निघालं. तांदळाचा तुकडा, कुंकवात न्हालेला, नवरीसारखा! तेवढ्यात पावलं वाजली. टाकू कुठं? टाकला तोंडात.

"काय खाताय मावशी?"

"काय न्हाई. बडीशेप. लाव बरं ती वायर पुन्यांदा."

तिनं लावली. टुंग! पडद्यावर डबीचं नाव आलं. सूनबाई किंचाळली, फोनमधला नवरा किंचाळला. "काय केलात मावशी?"

"मी काय करणार? फुंकर घातली."

तासाभरानं सगळे फोटो परत आले. बारशाच्या फोटोत पाळण्याशी मीच उभी, डोळे मिटलेली. सूनबाई पुन्हा रडली, पण चहा पीत पीत.

पुढं काय सांगू! आजूबाजूचे भाडेकरू बंद पडलेलं काहीबाही घेऊन माझ्या ओट्यावर यायला लागले. "मावशी, तेवढी फुंकर घाला." मी घालायची. एखादं चालायचंही, देवाला काळजी.

सूनबाईनं मात्र त्या फोटोंची सीडी करून माझ्या पेटीत लुगड्यांखाली ठेवायला दिली. म्हणाली, आता दोन ठिकाणी राहू देत. मला वाटलं, बाई सावध झाली, एवढंच.

पुढच्या नवरात्रात गावी निघताना तिनं किल्ली दिली आणि गंभीर तोंडानं म्हणाली, "मावशी, पूजा नक्की करा हं. डबी पिशवीत घालून चिकटपट्टी लावलीय, वरनंच करा."

"बरं."

जिन्यात वळून परत म्हणाली, "आणि बडीशेप फ्रीजवर ठेवलीय. यंदा तीच खा."