उसवकाकू

“छान आहे. उसव.”

एवढंच बोलून काकूंनी आमच्या डोंबिवलीच्या चाळीतल्या बायकांना जितकं रडवलं असेल, तितकं त्यांच्या सासवांनीही रडवलं नसेल. कुणी महिनाभर खपून क्रोशाचा रुमाल विणलेला असायचा, कुणी येऊ घातलेल्या बाळासाठी टोपडं. मोठ्या हौसेनं ते काकूंच्या मांडीवर नेऊन ठेवायचं. काकू आधी ते उलटं करायच्या. “पुढून काय, सगळेच चांगले दिसतात गं,” असं म्हणत मागच्या बाजूवरून बोट फिरवायच्या आणि फिरवता फिरवता नेमक्या चुकलेल्या टाक्यावर येऊन थांबायच्या. मग चष्म्याच्या वरून बघत, अगदी मायेनं, “छान आहे. उसव.” चाळीनं त्यांचं नाव उसवकाकू ठेवलं ते काही उगाच नाही. नाव त्यांच्या कानावर गेलं होतं, पण त्या कधी रागावल्या नाहीत. “चला, निदान ऐकतात तरी,” म्हणाल्या.

माझं लग्न होऊन मी त्या चाळीत आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल-नसेल. काकू शेजारच्याच खोलीत एकट्या राहायच्या. काका तारखात्यात होते, ते आदल्या हिवाळ्यात गेले होते. मूलबाळ नव्हतं. रोज दुपारची भांडी घासून झाली की काकू एक खाकी लोकरीची शाल पांघरून गॅलरीत बसायच्या. मे महिन्यातसुद्धा! आम्ही बायका पदरानं वारा घेतोय आणि या बाई आपल्या शाल पांघरून शांतपणे विणतायत. एकदा वीण बघावी म्हणून मी शालीचं टोक उचललं, तर काकूंनी ते माझ्या हातातून सोडवून घेतलं. “ही नाही, मालू. दुसरं काहीही बघ.” आवाज चढवला नव्हता, पण मी पुन्हा त्या शालीला बोट लावलं नाही.

त्या शालीची हकिगत मला नंतर कळली. लढाई संपल्यावर कल्याणपलीकडच्या, विठ्ठलवाडीकडच्या लष्करी छावणीतलं जुनंपानं सामान विकायला निघालं, तेव्हा काकांनी तिथून फाटक्या स्वेटरांचं एक पोतं आणलं. लोक हसले. काकू मात्र हरखल्या. एकेक स्वेटर उसवून त्यांनी लोकर काढली, धुतली, वाळवली. काका दोन्ही हातांवर लडी धरून समोर बसायचे आणि काकू गुंडा करायच्या. “तासन्‌तास बसायचे गं,” काकू सांगत. “साहेबापुढं कधी इतके मुकाट बसले नसतील.” त्या लोकरीची शाल त्यांनी काकांसाठीच विणली. काकांनी ती एकच थंडी वापरली.

आमचा संसार नीट मांडून होतोय तोवर यांच्या छातीत पाणी झालं. हे ठाण्याला एका गिरणीत कारकून होते. डॉक्टर म्हणाले, वर्षभर अंथरूण सोडायचं नाही. तीन महिन्यांनी गिरणीनं दुसरा माणूस नेमला. मग एकच रस्ता उरला, बिऱ्हाड गुंडाळून गावी दिरांकडे जायचं. दिरांनी नाही म्हटलं नसतं, पण त्या गावाला डॉक्टर नव्हता. गावी जाणं म्हणजे यांना तिथं नेऊन नुसतं ठेवणं, हे मला कळत होतं आणि यांनाही कळत होतं.

अशात कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत शिवण-विणकामाच्या बाई हव्यात असं काकूंनीच कुठून तरी ऐकून आणलं. मी मराठी सातवी पास झालेली, तेवढं शाळेला पुरणार होतं. अट एकच होती. भेटीला येताना स्वतः विणलेलं एक मोठं काम आणायचं, आणि त्यात रंगीत आकृती हवी. हातात सहा आठवडे होते.

“काकू, माझ्याच्यानं नाही व्हायचं. मला साधा रुमाल धड येत नाही.”

“मग रुमाल नको करू, शाल कर,” काकू म्हणाल्या आणि माळ्यावरून ते पोतं काढून माझ्या पुढ्यात ओतलं. काकांनी आणलेल्या स्वेटरांपैकी सहा उरले होते. “आधी उसव.”

शाल कोपऱ्यातून कोपऱ्यात विणायची होती. हा प्रकार मी पहिल्यांदाच बघत होते. एका कोपऱ्यात क्रोशानं इवलीशी एकच चौकट विणायची. पुढच्या ओळीत दोन, त्याच्या पुढच्या ओळीत तीन, अशी दर तिरक्या ओळीला एक चौकट वाढवत जायचं. ऐन मध्यावर आलं की तिथून दर ओळीला एकेक कमी करत समोरच्या कोपऱ्यात पुन्हा एका चौकटीवर येऊन थांबायचं. मध्य कसा ओळखायचा? काकूंची रीत साधी होती. सगळी लोकर तागडीत घालून समान वजनाचे दोन वाटे करायचे. पहिला वाटा संपला की वळायचं, दुसऱ्या वाट्यात शाल पुरी होते. “माप नको, फूटपट्टी नको,” काकू म्हणायच्या, “असेल त्या लोकरीत बसते ती शाल. फक्त धुतल्यावर तीन उन्हं दाखव, मग वजन कर. लोकर फार लबाड. आतून ओली असते आणि हाताला कोरडी लागते.”

मधोमध राघू काढायचा होता. पोपटी आणि लाल लोकर तेवढी नवी आणली. काकूंनी काकांच्या एका जुन्या वहीतल्या कागदावर चौकटी आखून राघू भरून दिला. तो कागद वाचायचा तिरका, आणि एक ओळ खालून वर, तर दुसरी वरून खाली. मी शहाणी! उत्साहाच्या भरात प्रत्येक ओळ खालूनच वाचत गेले. चार दिवसांनी बघते तर राघूची चोच पाठीवर आली होती आणि डोळा शेपटीत. पलंगावर पडल्या पडल्या हे इतके हसले की त्यांना खोकला आला. किती दिवसांनी हसले होते! मी तोंड पाडून ते काकूंकडे नेलं.

“अगं, हे राघू आहे की घुबड?”

“उसवू ना?”

“विचारतेस काय?” आणि मी उसवायला लागले तशी शेजारी बसून म्हणाल्या, “रडू नकोस. उसवलेल्या लोकरीचं काही बिघडत नाही. माणसासारखं नाही तिचं.”

दुसऱ्यांदा राघू झकास उतरला. मी रोज विणत होते. भात शिजेपर्यंत चार चौकटी, यांचा काढा उकळेपर्यंत दोन. आठ दिवस उरले होते तेव्हा अगदी शेवटचा कोपरा तेवढा बाकी होता. आणि लोकर संपली.

मी गुंडा शोधला, पलंगाखाली शोधला, पिशवी झटकली. असती तर सापडली असती! शाल हातात घेऊन काकूंच्या दारात उभी राहिले. काकूंनी ती जमिनीवर पसरली, न विणलेल्या कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“दुसऱ्या वाट्याला किती उन्हं दाखवलीस?”

मी त्यांना तेव्हा सांगितलं होतं, तीन. खोटं सांगितलं होतं. सहातले तीन स्वेटर मी मागाहून धुतले होते, त्या आठवड्यात आभाळ भरलेलं होतं, मला घाई झाली होती, एकच ऊन मिळालं होतं आणि हाताला लोकर कोरडी लागत होती. म्हणजे तागडीत जे वजन भरलं त्यात थोडं पाणीच होतं. काकूंनी माझ्यासाठी काकांच्या पोत्यातली शेवटची लोकर काढून दिली होती आणि मी त्यांना फसवलं होतं. मला तोंड वर करवेना.

“एक,” मी म्हटलं.

मी वाट बघत होते ‘उसव’ची. मध्यापर्यंत उसवून पुन्हा विणायचं म्हणजे तीन आठवडे, आणि हातात आठ दिवस. त्या रंगाची लोकर साऱ्या ठाणे जिल्ह्यात मिळायची नाही. मला वाटलं, संपलं सगळं. आता गाव.

काकूंनी खांद्यावरची शाल काढली, मांडीवर घेतली, तिचा एक कोपरा चाचपत शेवटची गाठ शोधली आणि सुईच्या टोकानं सोडली.

“काकू, नको! काकू, ही नाही!” मी त्यांचा हात धरला.

“हात सोड. आणि हे दोन्ही हात असे पुढं कर.”

मी हात पुढे केले. त्या भराभर उसवत गेल्या आणि माझ्या हातांवर लडी गुंडाळत गेल्या. काकांच्या जागी मी बसले होते. मी रडत होते आणि काकू मला दटावत होत्या, “नीट धर. लोंबू देऊ नकोस.” माझ्या शालीला पुरेल एवढी लोकर निघाल्यावर त्यांनी धागा तोडला, आपल्या शालीला गाठ मारली आणि ती पुन्हा खांद्यावर घेतली.

“कोपरा तू विण. मी टाका घालणार नाही. तुझं काम आहे म्हणून सांगायचं आहे ना तिथं?”

“काकू, मी तुमचा कोपरा भरून देईन. आईशपथ देईन.”

“काही नको. तीन कोपऱ्यांनी थंडी भागते.”

कल्याणच्या शाळेत मोठ्या बाईंनी माझी शाल हातात घेतली आणि पहिल्यांदा काय केलं असेल? उलटी केली! मला त्या अवस्थेतही हसू आलं. बोट फिरवत त्या शेवटच्या कोपऱ्यावर थांबल्या. “इथली लोकर जास्त मऊ लागते. का?” खोटं बोलायची एकदा पुरेशी शिक्षा झाली होती. मी सगळं सांगून टाकलं, ते एक ऊनसुद्धा.

“हे मुलींना सांगाल?”

“पहिल्याच तासाला सांगेन.”

सोमवारपासून या म्हणाल्या.

वर्षभरानं हे हिंडूफिरू लागले, पुढं नोकरीही मिळाली, आणि आम्ही ठाण्याला खोपटला बिऱ्हाड केलं. निघायच्या दिवशी काकूंच्या पाया पडले, तर माझ्या ब्लाउजची बाही उलटून शिवण बघत होत्या! पुढची सात-आठ वर्षं मी सुटीला डोंबिवलीला जायची. दर वेळी कोपऱ्याचं काढायची, दर वेळी त्या दुसरा विषय काढायच्या. एका हिवाळ्यात त्यांचा पुतण्या खोपटला आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, “काकू गेल्या. ही तुम्हाला द्यायला सांगितली होती.” पिशवीत खाकी शाल होती.

मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. मुलींनी माझं नाव काय ठेवलं होतं ते सांगायला नको. आमचं घर, यांचा जीव, माझ्या पायांवर मी उभी राहिले ते, सगळं त्या बाईनं आपल्या खांद्यावरून उसवून दिलं, आणि वर उपकाराचा एक शब्द ऐकून घेतला नाही. शाल आली त्याच आठवड्यात मी बाजार पालथा घातला, जवळपास तसाच रंग मिळवला, तीन उन्हं दाखवली आणि तो कोपरा भरला. पलंगावर पसरून यांना दाखवला. हे म्हणाले, “कुठं जोडलंय ते कळतसुद्धा नाही.”

मी शाल उलटी केली आणि बोट फिरवत गेले. जिथं काकूंनी गाठ मारली होती तिथं बोट आपोआप थांबलं.

“छान आहे,” मी म्हटलं आणि उसवायला बसले.

ती शाल अजून मी पांघरते. तीन कोपऱ्यांनी थंडी भागते.