पैलवानाने लपवलेलं मलम

परवा सकाळी विकास नगरच्या पार्कात माझा नवरा चारचौघांत जे बोलला, ते ऐकून मी बाकावरून उठून उभीच राहिले... पण आधी मागचं सांगते.

आमचे हे सांगलीकडचे पैलवान. कुस्तीच्या जोरावर फौजेत गेले, शेवटची पोस्टिंग लखनौला झाली आणि रिटायर होऊन आम्ही इथेच राहिलो. शरीराचा अभिमान भारी, सर्दीची गोळीसुद्धा घेणार नाहीत.

गेल्या वर्षी ह्यांना बाथरूममध्ये फार वेळ लागायला लागला. मग बाहेर जाणंच टाळायला लागले... पुतण्याच्या लग्नाची तिकिटंसुद्धा मला न विचारता रद्द केली. मी खनपटीला बसले तेव्हा कळलं, लघवीची धार दोऱ्यासारखी बारीक झाली होती आणि जळजळही व्हायची.

आलमबागच्या एका यूरॉलॉजिस्टकडे ओढतच नेलं. तिथली कातडी एका आजाराने पांढरी, कडक होत चालली होती आणि त्यामुळे लघवीचं तोंड अरुंद झालं होतं. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले, आधी स्टेरॉइडचं मलम लावून बघू, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल.

मी रोज विचारायची, लावलं का? "हो हो." काही आठवड्यांनी पुन्हा दाखवायला गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "सूबेदार साहब, लगाया भी है?"

मला रोज हो हो म्हणणारा माणूस तिथे मान खाली घालून बसला. "नहीं लगाया. पहलवान आदमी हूँ, डॉक्टर साहब. ज़िंदगी में कभी स्टेरॉइड को हाथ नहीं लगाया."

मी कपाळाला हात लावला. ह्यांच्या वस्तादांनी तालमीत शपथ घातली होती, औषधाने फुगवलेलं अंग घेऊन मातीत उतरायचं नाही. ती शपथ ह्यांनी थेट मलमाच्या ट्यूबला लावली आणि सीलही न तोडता ती मेडलच्या पेटीमागे ठेवून दिली... ऑपरेशन झालं तरी चालेल, पण स्टेरॉइड नको.

डॉक्टर हसले नाहीत, ह्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. शांतपणे म्हणाले, "जिससे लोग बदन बनाते हैं, वो अलग चीज़ है. ये बस चमड़ी की सूजन उतारेगी. इसे लगाकर आप किसी को पछाड़ नहीं पाएँगे." कित्येक महिन्यांनी हे मोकळं हसले.

मग काय, फौजी शिस्त. पातळसा थर, सांगितलाय तितकाच आणि सांगितलाय तेव्हाच. हळूहळू कातडी मऊ पडली, धार सुधारली आणि ऑपरेशन टळलं. तपासणीला अधूनमधून जावं लागतं, पण आता मला ओढून न्यावं लागत नाही.

तर परवा पार्कात ह्यांचे रिटायर्ड दोस्त अयोध्येला जायचं ठरवत होते. तिवारीजी नाही म्हणाले... रास्ते में दिक्कत होती है. बाकीचे त्यांच्या वयावरून टिंगल करायला लागले, तसे हे मध्येच बोलले, "दिक्कत मुझे भी थी. पेशाब का रास्ता छोटा हो गया था. शरम के मारे भतीजे की शादी छोड़ दी, फिर मरहम से ठीक हुआ. इसमें हँसने का क्या है?"

जो माणूस बायकोला सांगायला लाजत होता, तो भर पार्कात ताठ उभा राहून बोलत होता. ह्यांनी मैदानं मारलेली मी पाहिली आहेत, पण इतका अभिमान मला तेव्हाही वाटला नव्हता.

परतताना तिवारीजींनी हळूच मलमाचं नाव विचारलं. हे म्हणाले, "नाम नहीं बताऊँगा. अपने मन से कुछ मत लगाना, कल मैं साथ चलता हूँ, पहले डॉक्टर को दिखाओ."

घरी आल्यावर मी भीतभीत विचारलं, हे फेसबुकवर लिहू का? तुमचा उल्लेख टाळून लिहिते...

"टाळतेस कशाला? नवऱ्याला झालं होतं म्हणून लिही," ते म्हणाले. मग दारापर्यंत जाऊन परत आले. "फक्त एवढं नक्की लिही, कुस्ती खेळत होतो तेव्हा स्टेरॉइड कधी घेतलं नव्हतं."

लिहिलं हो. कधीच घेतलं नव्हतं, मी साक्षीला आहे.