ट्रम्पेटवाल्याचे ओठ

संगीत आत्म्यातून उमटतं, असं वक्ते धीरगंभीर आवाजात म्हणाले. हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या एका दिवंगत ट्रम्पेटवादकाचा तो स्मृतिसमारंभ होता. माझ्या शेजारी त्याचे म्हातारे मॅनेजर इनासबाब बसले होते. ते वैतागले.

"आत्मा कसला, बाबा? ओठांतून! आणि हा वाजवायच्या आधी मिरचीचं लोणचं खायचा. ओठ सुजले की सूर नाही, सूर नाही की अख्खा बँड रस्त्यावर. जन्मभर त्याच्या ताटाची राखण केली मी."

"ऐकायचे का ते?"

"छे! म्हणायचा, तू खाशील तेच खाईन. मग मीही पेजच जेवलो. आज तरी माझं नाव घेतील म्हणून कोट घालून आलोय."

कलेच्या इतिहासात पेजेला जागा नसते, असं मला वाटत होतं. तेवढ्यात वक्त्यांनी इनासबाबांना व्यासपीठावर बोलावलं, बँडचे ड्रमवादक म्हणून. ते गेले आणि शाल घेऊन आले.