आढ्याचं मागचं टोक

गोसीखुर्द धरणाचं पाणी आमच्या गावात येणार हे नक्की झालं, तेव्हा लोकांनी गाव सोडताना छपरांवरची कवेलू, दारं आणि लाकडं सोबत नेली. आमच्या छताचं आढं सागवानी होतं. मी आणि धाकट्या भावाने ते खांद्यावर घेतलं. तो पुढे, मी मागे. लाकूड वाहायची आमच्याकडे एक रीत आहे. पुढचा ‘उतरव’ म्हणेपर्यंत मागच्याने टोक सोडायचं नाही. पुढच्याला मागचं दिसत नसतं. मागच्याने आधी सोडलं तर सगळा मार पुढच्याच्या मानेवर बसतो.

गल्लीतल्या चिखलात भाऊ पालथा पडला. आढं त्याच्यावर येत होतं, ते मी उजव्या तळव्यावर झेललं. खांद्यात जाड कापड फाटल्यासारखं झालं. शेजाऱ्यांनी धावत येऊन लाकूड बाजूला घेतलं. भावाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण भीतीने त्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता.

खांद्याच्या स्नायूची दोरी हाडापासून सुटली होती. भंडाऱ्याला शस्त्रक्रिया झाली. हात बधिर करायला मानेजवळ सुई दिली होती. शुद्धीवर आलो तेव्हा माझा उजवा हात वर उचललेला होता, तळवा छताकडे. मी बायकोला म्हटलं, “हात खाली घे माझा.”

“अजी, हात त पोटावर हाये. झोळीत. पाहा ना.”

पाहिलं. झोळीत एक हात होता. तो माझा वाटत नव्हता. मी डावा हात वर नेऊन चाचपलं. जिथे उजवा असल्याचं मला जाणवत होतं, तिथून डावा सरळ आरपार गेला.

डॉक्टर म्हणाले, असं पुष्कळांना होतं, बधिर होण्याआधी हात जसा असतो तसाच तो वाटत राहतो. सुईचा असर उतरल्यावर जाईल. तसं ते गेलंही. पण सुई देताना हात कसा होता, हे मी नंतर त्यांना विचारलं. ते म्हणाले, “पोटावर.”

पुढे व्यायाम सुरू झाला. थेरपिस्ट बाई माझा हात हळूहळू वर न्यायच्या आणि कोन मोजायच्या. हात नव्वद अंशांवर थांबायचा. दर वेळी नव्वद. अठ्ठ्याऐंशी नाही, ब्याण्णव नाही. मला त्यांच्या मापाचा संशय आला. घरी शाळेतलं कोनमापक आणि ओळंबा घेऊन मी स्वतः पडताळलं. नव्वदच.

डॉक्टर म्हणाले, “काका, खांदा आखडलाय. असाच राहिला तर भूल देऊन हात वर ढकलावा लागेल.” ढकलताना शिवलेली दोरी पुन्हा सुटू शकते, हेही त्यांनी लपवलं नाही. ती सुटली तर उजवा हात कामातून गेला, एवढं मला कळत होतं.

बाईंना हे पटेना. त्यांनी डॉक्टरांना व्यायामाच्या खोलीत बोलावलं. हात नव्वदवर आणून म्हणाल्या, “सर, आता खाली दाबा.”

डॉक्टरांनी दाबला. हात हलला नाही.

“आखडलेला खांदा वर जाऊ देत नाही. खाली यायला कशाला अडवेल?”

डॉक्टर पुढे वाकले. बोटांनी खांदा चाचपत म्हणाले, “सगळे स्नायू ताठ आहेत. काका, हे तुम्ही करताय?”

“नाही.”

बाईंनी माझा तळवा दाखवला. तो वर वळलेला होता. “खांदा दुखतो का, हे मी रोज विचारते,” त्या म्हणाल्या. “आज दुसरं विचारते. आत्ता या हातावर काय आहे?”

मी खोटं बोललो नाही. “लाकूड,” म्हणालो, आणि घडलं ते सांगितलं. रीतही सांगितली.

“मग भावाने ‘उतरव’ म्हटलं कधी?”

मी आठवून पाहिलं. म्हटलंच नव्हतं.

भाऊ बाहेर बाकावर बसला होता. त्यानेच मला मोटरसायकलवर आणलं होतं. बाई म्हणाल्या, त्याला आत बोलवा. डॉक्टरांनी आधी नकार दिला, मग स्वतःच दार उघडलं. बाईंनी व्यायामाची काठी माझ्या तळव्यावर ठेवली, दुसरं टोक भावाच्या खांद्यावर, त्याची पाठ माझ्याकडे. त्याला हसू आलं.

“दादा, नाटकात काम भेटलं का मले?” मग तो थांबला. हसू गेलं. “लय वजन हाये वो हे.”

काठी नुसती वेताची होती, हलकी.

“मी निंगलो खालून,” तो हळूच म्हणाला. “उतरव, दादा.”

माझा हात खाली आला. त्याच क्षणी खोलीत काहीतरी जड आदळलं. बाईंनी पाय मागे घेतले.

“काय पडलं?” डॉक्टर म्हणाले.

मी सगळं मोजून पाहिलं. वजनं, खुर्च्या, स्टूल, सगळं जागच्या जागी होतं. काठी भावाच्या हातात होती.

बाईंनी पुन्हा हात धरला. तो एकशे दहापर्यंत गेला आणि दुखला. “हे दुखणं चालेल,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी भुलीचं नाव पुन्हा काढलं नाही. दोरी किती ताण सोसेल ते त्यांनी सांगायचं, तेवढाच बाईंनी द्यायचा आणि हातावर काय आहे ते मी सांगायचं, असं पुढे चाललं. आज उजवा एकशे साठपर्यंत जातो, डावा एकशे सत्तरपर्यंत.

नव्या घरावर आढं चढवलं, तेव्हा मला वजन धरायची मनाई होती. मी अंगणात उभा राहिलो. वर पुढच्या टोकाला भाऊ होता. तो ‘उतरव’ म्हणाला आणि लाकूड जागेवर बसलं.

आवाज तोच होता, व्यायामाच्या खोलीत आदळल्याचा. भावाने वरून माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या हाताकडे पाहिलं. तो खाली होता.