ओला खिसा

माझी नणंद विधवा होऊन लोणावळ्याला माहेरी आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तीन वर्षांनी तिला पुण्याच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली. आठ दिवसांत होकार कळवायचा होता. सासूबाईंचं मन वळत आलं होतं आणि नेमक्या त्याच आठवड्यात मला ती कविता सापडली.

डब्यांच्या तळाशी घालायला मी जुन्या वह्यांची पानं फाडत होते. एका पानावर तिच्या अक्षरात आठ ओळी होत्या. बाहेर पाऊस, घरात वाळत असलेला सदरा आणि त्याच्याकडे बघत बसलेली बाई. शेवट असा होता:

गळा वाळला, बाही वाळली,
खिसा अजून ओला.

बाकीच्या ओळी कुणीही लिहिल्या असत्या. ही वाचून मात्र माझा हात थांबला. असलं काही बसल्या जागी सुचत नाही, पाहिलेलं असावं लागतं. तिनं ते कुठं पाहिलं? लग्न मार्गशीर्षातलं, नवरा वैशाखात तापानं गेला. सासरी तिला एकही पावसाळा लागला नव्हता. आणि भावाच्या सदऱ्याकडे कुणी असं बघत बसत नाही.

ती आठवड्यातून तीनदा स्टेशनापलीकडे एका बाईंकडे इंग्रजी शिकायला जायची. बाईंचा भाऊ रेल्वेच्या नव्या विजेच्या गाड्यांवर कामाला होता आणि त्यांच्याच बाहेरच्या खोलीत एकटा राहायचा. एकदा वन्संना आणायला गेले तेव्हा मी त्याला त्या खोलीच्या दारात पाहिलं होतं. फार सभ्य वाटला, म्हणूनच मला तो आवडला नाही.

मी पान लपवायच्या आत ह्यांनी ते घेतलं आणि ओसरीवर मोठ्यानं वाचलं. हे शाळामास्तर. म्हणाले, "सदरा म्हणजे देह. खिसा म्हणजे अंतःकरण. वरून सगळं सुकलं तरी आत ओलावा राहतो. पोरीला चांगली समज आहे."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "जावयांची आठवण येते तिला. बोलत नाही, एवढंच."

टाकवे गावाहून तांदूळ विकायला आलेली मावशी पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "लय ग्वाड हाय. पर आक्का, सदरा कुनाचा?"

मला मात्र तिचंच म्हणणं पटलं.

मी स्वयंपाकघरात नणंदेला गाठलं.

"वन्सं, सदरा कुणाचा?"

"कवितेतला आहे, वहिनी."

"कवितेतला झाला तरी कुणी तरी अंगात घालतच असेल."

"मग दादाचा समजा." तिनं भाकरी उलटली. भाकरी टम्म फुगली. त्याचाही मला संशयच आला.

त्या संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "तुझं काय मत? पाठवायची ना?" मी दोन दिवस मागून घेतले. नुसती शंका बोलून दाखवली असती तरी सासूबाईंनी होकाराचं पत्र जाऊ दिलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांचा सदरा धुतला. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे वाळवायचे ते निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून, त्याच्यावर. तसा तो पसरला आणि तांदूळ निवडत समोर बसले. खिसा आधी वाळला. गळाच शेवटपर्यंत ओला राहिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं. तेच.

म्हणजे ओळ खोटी होती. तिनं कुणाचा सदरा वाळताना पाहिलाच नव्हता, मनानं रचलं होतं. मला हायसं वाटलं आणि कवितेबद्दलचं मत थोडं उतरलं. ह्यांना म्हटलं, "पाठवा." पत्र गेलं. ती पुण्याला गेली, शिकली, एका शाळेची मुख्याध्यापिका झाली.

पुढे एका श्रावणात हे दुपारी चिंब भिजून आले आणि मी बाजारातून यायच्या आत ओला सदरा खुंटीला अडकवून झोपले. संध्याकाळी मी तो काढायला गेले. गळा वाळला होता. बाही वाळली होती. खिशाचा कोपरा हाताला गार लागला.

मी तशीच उभी राहिले. ज्या घरात बाई आहे तिथं ओला कपडा खुंटीवर राहत नाही. एकटा राहणारा पुरुषच तसं करतो. बाईंच्या त्या बाहेरच्या खोलीत दाराशेजारी ओळीनं खुंट्या होत्या.

दिवाळीला नणंद आली. चहा ठेवताना मी तिला म्हटलं, "वन्सं, सदरा खुंटीवर होता."

तिनं हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली, "हे तेव्हा कळलं असतं तर मला पुण्याला पाठवलं असतंत?"

"नसतं."

"मग चहा गाळा, वहिनी. उतू जातोय."